राणीसाहेबांच्या खालच्या पापण्या

डोळ्यांची डॉक्टर म्हणून मी कुडाळात बत्तीस वर्षं काढली. त्यात मोतीबिंदू किती काढले ते मला आठवत नाही, आणि ज्यांचे काढले त्यांनाही आठवत नसेल. चांगला निघालेला मोतीबिंदू माणूस आठवड्याभरात विसरतो. पण बाजारात माझ्याबद्दल विचाराल, तर अजूनही कोणी 'मोतीबिंदूवाली' म्हणणार नाही. 'राणीचे डोळे बरे केले ती बाई', अशीच माझी ओळख सांगतील. मला ती ओळख फार आवडते. आवडत नाही असं दाखवायचा मी प्रयत्न करते, पण जमत नाही.

ही राणी म्हणजे शिरोड्याचा गुरुनाथ. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात आणि गुरुनाथ वयाच्या सतराव्या वर्षापासून राण्याच करत आला होता. सगळा मुलूख त्याला 'राणीसाहेब' म्हणायचा. पोस्टमनसुद्धा. पण त्याच्याकडे वळायच्या आधी मालतीबाईंचं सांगायला हवं, कारण राणीसाहेब माझ्याकडे आले ते त्यांच्यामुळे. शिवाय त्यांची गोष्ट न सांगता राणीची सांगितली, तर ती निव्वळ फुशारकी होईल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जिल्हा नवा होता, माझा दवाखानाही नवा होता. माझं शिक्षण मिरजेला झालेलं. पापण्यांची शिवणकामं मी तिथे पुष्कळ केली होती. बैलाचं शिंग लागून फाटलेल्या, चुलीच्या भडक्यानं आक्रसलेल्या, विहिरीच्या रहाटानं फाटलेल्या पापण्या. पण चांगल्या चेहऱ्यात कोणी मुद्दाम काही घालून घेईल आणि मग ते बाहेर काढायला माझ्या दारात येईल, असं मला कोणी शिकवलं नव्हतं.

मालतीबाई शिरोड्याच्या शाळेत गणित शिकवायच्या. भर पावसाळ्यात, आभाळ काळंकुट्ट असताना, काळा चष्मा लावून त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"चष्मा काढा," मी म्हटलं.

"आधी दार लावा."

मी दार लावलं. त्यांनी चष्मा काढला. दोन्ही डोळ्यांखाली चिंचोक्याएवढ्या गाठी. वरची कातडी ताणलेली, लालसर.

"टायफॉइडनंतर माझ्या डोळ्यांखाली खड्डे पडले," त्या म्हणाल्या. "मुलं मला पाठीमागे 'घुबडबाई' म्हणायची. मुंबईत माझी मावसबहीण ब्यूटी पार्लरमध्ये आहे. ती सुट्टीत एकाकडे घेऊन गेली. त्यानं सुईनं काहीतरी भरलं. दोन वर्षं काय सुरेख दिसत होते म्हणून सांगू! आणि आता मुलं 'बेडूकबाई' म्हणतात. डॉक्टर, पक्षी होते तेच बरं होतं हो."

मला हसू फुटलं. डॉक्टरनं हसू नये हे मला ठाऊक होतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याही हसायला लागल्या. गाठींमुळे हसताना डोळे पुरते मिटत नव्हते. ते पाहून मग माझं हसू थांबलं.

ते 'काहीतरी' म्हणजे पातळ सिलिकॉन. मिरजेच्या माझ्या गुरूंना पत्र लिहिलं तेव्हा कळलं. सामान्य वाचकाला हे प्रकरण असं सांगता येईल: कापसाच्या वातीवर खोबरेल ओतलं आणि मग कोणी म्हणालं, आता त्यातलं तेल तेवढं काढून द्या. कसं काढणार? दाबून निघत नाही, सुईनं ओढून येत नाही, कुठल्या औषधानं विरघळत नाही. शरीर त्या प्रत्येक थेंबाभोवती आपलं जाळं विणतं आणि त्या जाळ्याची गाठ होते. ती गाठ कापूनच काढावी लागते. त्यासाठी पापणीच्या केसांच्या अगदी खाली, लगतच, केसासारखी बारीक चीर घ्यायची. ही पहिली पायरी. आत शिरून डोळा मिटणाऱ्या स्नायूपासून गाठी एकेक करून सोडवायच्या, ही दुसरी. आणि तिसरी पायरी म्हणजे थांबायचं.

ही तिसरी पायरी मला येत नव्हती.

मालतीबाई टेबलावर निजताना म्हणाल्या होत्या, "एक कणसुद्धा ठेवू नका. बाकी उरलेली मला आवडत नाही." मी कण ठेवला नाही. कणाला चिकटलेली कातडीही ठेवली नाही. टाके सुंदर आले. तीन आठवड्यांनी उजवी खालची पापणी फाटक्या खिशासारखी बाहेर लोंबायला लागली. डोळा मिटेना, सारखा वाहायला लागला. मग कानामागची कातडी काढून तिथे ठिगळ लावलं. डोळा मिटायला लागला, पण वाहायचा काही थांबला नाही. तो त्यांच्या आयुष्यभर वाहत राहिला आणि त्याला कारण मी होते. यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही.

माझ्याकडे येऊन त्या रडतील, ओरडतील, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी वही उघडली, पेन्सिल काढली आणि विचारलं, "चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली?"

मी पायऱ्या सांगितल्या. त्यांनी लिहून घेतल्या. तिसरीखाली रेघ मारली.

"ठीक आहे. पुढच्या वेळी तिसरी नीट करा."

पुढची वेळ येऊ नये म्हणून मी देवाला हात जोडत होते. तीन वर्षांनी आषाढात ती आलीच.

पावसात भिजलेला, सडपातळ, गोरा, मिशा नसलेला माणूस आला आणि बाकावर असा बसला की बाकी पेशंट आपोआप सरकले. तोंडावर रुमाल. माझी सिस्टर वासंती मडुऱ्याकडची. ती केसपेपर लिहिता लिहिता थबकली आणि माझ्या कानाशी आली.

"बाईनू, राणीसाहेब इलेत!"

आत आल्यावर त्यानं माझ्यासमोर एक चिठ्ठी ठेवली. मालतीबाईंचं अक्षर. 'हा माझा विद्यार्थी, गणितात कच्चा. तुम्ही माझ्यावर शिकलात, याचं नीट कराल. तिसरी पायरी.'

मग रुमाल काढला. मला तर धडकीच भरली. तशाच गाठी, पण जास्त मोठ्या, आणि डाव्या डोळ्याखाली तीन-चार एकत्र.

"चार वर्सांआदी मे महिन्यात मुंबैक आमचे प्रयोग होते," गुरुनाथ सांगू लागला. "रातीची जागरणां करून डोळ्यांखाली खळगे पडलेले. थय एकान सांगल्यान, पयल्या माळ्यार एक दाक्तर आसा, खळगे भरून दिता. मी गेलंय. सुयो मारल्यान आनि म्हणालो, 'ह्यां मरेसर जावचा नाय.'" तो थांबला. नाटकातला माणूस, कुठे थांबायचं ते त्याला ठाऊक. "बाईनू, त्येचा बोलणा अगदी खरां झाला. जाना नाय!"

वासंती तोंडाला पदर लावून बाहेर पळाली.

तो सांगत गेला तसं मात्र हसू ओसरलं. गेल्या मोसमात वनवासाच्या प्रसंगात त्यानं आकाशाकडे तोंड करून आक्रोश केला, आणि लोकांतून कोणीतरी ओरडलं, "रे, राणीक गांधील चावली!" सगळा मांडव हसला. पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्या गावात लोक त्या प्रसंगाची वाटच बघत होते. कंपनीचे मालक आबा हे स्वतः राक्षस करायचे. पाच हात उंच, आवाज डोंगरापलीकडे जाईल असा. त्यांनी मोसम संपताना सांगितलं होतं, "गुरुनाथा, येत्या वर्साक तू पण राक्षसच कर. तुका रंग लावूक नको."

"आबा मस्करीत बोललो," गुरुनाथ म्हणाला. "पण माका राक्षस येना नाय, बाईनू. माका रागावूकच येना नाय. माका फक्त रडूक येता."

त्याची बायको दाराशी उभी होती. ती पहिल्यांदाच बोलली, "बाईनू, ह्येंका बरे करा. घरात रडूक लागले काय, खरे रडतत काय तालीम करतत, ता माका कळना नाय."

दशावताराचे प्रयोग पावसाळ्यात बंद असतात. जत्रा सुरू होतात त्या कार्तिकात. म्हणजे माझ्या हातात चार महिने होते. मी त्याला सगळं सांगितलं. सगळं निघणार नाही. मी काढणारही नाही. पापणी लोंबू शकते. गालाचा एखादा भाग बधिर होईल. एकदा माझ्या हातून बिघडलेलं आहे, तेही सांगितलं.

"ता माका ठाऊक आसा," तो म्हणाला. "मालतीबाईंनी वही दाखवल्यानी."

उजवा डोळा आधी केला. नीट झाला. पंधरा दिवसांनी डावा. तो दिवस मी कधी विसरणार नाही.

सकाळी अकराला सुरू केलं. बाहेर पाऊस कोसळत होता. व्हरांड्यात आबा आणि कंपनीतली दोघं-तिघं बसलेली. पापणीचं काम माणूस जागा असताना करतात. तेवढी जागा सुईनं बधिर केली की झालं. पण त्यानं स्थिर पडायला हवं आणि बोलायचं नाही.

"बाईनू, बोलू?" चीर घेऊन झाल्यावर गुरुनाथनं विचारलं.

"नको."

"मनात बोलू?"

"मनात बोला."

जरा वेळानं मी म्हटलं, "गुरुनाथ, गाल हलतोय."

"मनातच बोलतंय, बाईनू. पण राणी मनात बोलली तरी तोंड हलयता."

"मग एकदा काय ते मोठ्यानं बोला आणि गप्प पडा."

मी हात बाजूला घेतला. त्यानं घसा खाकरला आणि त्या हिरव्या कापडाखालून, रक्तानं माखलेल्या बोळ्यांमधून, राणीचा आवाज आला. थरथरता, गोड, अगदी शुद्ध रंगभूमीच्या मराठीत: "हे वनदेवते! या अबलेच्या नेत्रांपाशी सुरी येऊन ठेपली आहे, आणि तू मौन का?"

वासंतीच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला. मी तिच्याकडे बघायला नको होतं. बघितलं. आणि आम्ही दोघी हात वर धरून, कशालाही शिवता येत नाही अशा अवस्थेत, मास्कच्या आत गुदमरून हसत राहिलो. माझे स्वतःचे डोळे वाहायला लागले आणि ते पुसता येईनात. कापडाखालून गुरुनाथ काळजीनं विचारत होता, "काय झाला? बरां चल्लाहा मा?"

आणि फटकन लाईट गेली.

त्या काळी पावसात लाईट जाणं यात विशेष काही नव्हतं. पण माझी पापणी उघडी होती, म्हणजे त्याची. वासंतीनं बॅटरी धरली. तिच्या सेलनी दोन मिनिटांत मान टाकली.

"काय झाला गो?" बाहेरून आबांचा आवाज आला.

"लाईट गेली!"

"बत्ती हाडू?"

"हाडा!" मी ओरडले. मालवणी मला घाईत असताना आपोआप येते.

आबांचं घर मागच्या गल्लीत. कंपनीची गॅसबत्ती पावसाळाभर तिथेच टांगलेली असायची. ते छत्रीही न घेता धावले आणि दहा मिनिटांत सूं-सूं करणारी पेटती बत्ती घेऊन आले. मी त्यांना तसं आत कशी घेणार? वासंतीनं त्यांना कोरडं केलं, टोपी घातली, मास्क बांधला, गाऊन चढवला. गाऊन गुडघ्यापर्यंतच आला. असा राक्षस बत्ती उंच धरून टेबलाशी उभा राहिला.

उजेड झाला. मी पाहिलं. बऱ्याच गाठी निघाल्या होत्या, ताटलीत भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पिवळट दाणे पडले होते. पण नाकाच्या बाजूला अजून एक फुगवटा दिसत होता. चांगला भुईमुगाच्या दाण्याएवढा. मी चिमटा उचलला.

"आबानू," कापडाखालून गुरुनाथ म्हणाला, "बत्ती वर धरल्यात काय?"

"व्हय."

"वर नको. वरसून उजेड पडल्यार सगळ्यांचाच तोंड सपाट दिसता. खाली धरा, गालाच्या सरी. आनि बाईनू, माका बसवा. निजलेल्या माणसाचा तोंड येगळा, बसलेल्याचा येगळा."

सव्वीस वर्षं जो माणूस बत्तीसमोर चेहरा घेऊन उभा राहिला, तो मला बत्ती कशी धरायची ते सांगत होता. आणि मी, सुवर्णपदक मिळवलेली बाई, माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं. मी जखमेवर ओला बोळा धरला, वासंतीनं त्याला पाठीला हात देऊन सावकाश बसवलं. आबांनी बत्ती गालापाशी खाली आणली. मी बोळा काढला.

नाकाजवळचा फुगवटा नाहीसा झाला होता! तो गाठ नव्हताच. बधिर करायला मी जे औषध टोचलं होतं, त्याचंच पाणी तिथे साचलेलं. बसवल्यावर ते खाली उतरलं. मी ते कापणार होते. कापलं असतं तर राणीची पापणी मालतीबाईंसारखी झाली असती. आणि दुसऱ्या टोकाला, कानाच्या बाजूला, जिथे वरच्या उजेडात काहीच दिसत नव्हतं, तिथे एका गाठीची सुपारीएवढी सावली पडली होती.

"आबा, असंच धरा, हलू नका," मी म्हटलं.

आबांनी तेवढ्यात खाली पाहिलं. जन्मभर लोकांची आतडी बाहेर काढण्याच्या धमक्या देणारा तो माणूस. त्यानं अर्धा इंच उघडी पापणी पाहिली आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. वासंतीनं एका हातानं बत्ती काढून घेतली, दुसऱ्या हातानं त्यांना भिंतीला टेकवलं. ते भिंतीवरून घसरत सावकाश जमिनीवर बसले.

"बाईनू," ती शांतपणे म्हणाली, "राक्षस पडलो."

गुरुनाथ इतका हसला की मला पाच मिनिटं काम थांबवावं लागलं. मग वासंतीनं बत्ती धरली आणि मी कानाकडची गाठ काढली. काढून झाल्यावर आत आणखी दोन बारीक दाणे दिसत होते, स्नायूला घट्ट बिलगलेले. माझा हात तिकडे जात होता. मी चिमटा ताटलीत ठेवून दिला. त्याचा जो खण्ण आवाज झाला, तसा समाधानाचा आवाज मी दवाखान्यात दुसरा ऐकला नाही. टाके घातले. तिसरी पायरी झाली.

पण झाली की नाही ते कळायला तीन महिने लागणार होते. पहिले आठ दिवस तर राणीसाहेबांचं तोंड कोणी बुक्के मारल्यासारखं काळंनिळं. वासंतीनं दवाखान्यातले आरसे कपाटात कोंडले. टाके काढले, तो शिरोड्याला गेला आणि श्रावणात त्याच्या बायकोनं निरोप धाडला की दोन्ही पापण्या खाली ओढल्यासारख्या दिसतात. रविवारची एसटी पकडून मी शिरोड्याला गेले. खरंच बुबुळाखाली पांढऱ्याची रेघ दिसत होती. काही वेळा बरं होताना व्रण आक्रसतो आणि मग सैल पडतो. काही वेळा पडत नाही. मी त्याला बोटानं वरच्या दिशेनं मालीश करायला शिकवलं, दिवसातून सहा वेळा, आणि निजताना लावायला चिकटपट्टी दिली.

"रोज बघायला मी येऊ शकत नाही," मी म्हटलं. "कोणीतरी लक्ष ठेवायला हवं."

"मी आहे की," मालतीबाई म्हणाल्या. त्या फूटपट्टी घेऊनच आल्या होत्या.

तेव्हापासून मला पोस्टकार्डं यायला लागली. दर दोन दिवसांनी एक. 'उजवा दोन मिलिमीटर, डावा अडीच. मालीश पाच वेळाच केलं, सहावी वेळ झोपला म्हणून चुकली, समज दिली.' 'उजवा दीड, डावा सव्वादोन. विद्यार्थी मोजताना हसतो, त्यामुळे माप चुकतं. पुन्हा मोजलं.' 'उजवा एक. डावा दोनवर अडला आहे. काळजी करण्यासारखं आहे का? कळवावे.' मी 'नाही' असं कळवत होते आणि स्वतः काळजी करत होते. पोस्टमननं कार्ड माझ्या हातात देण्याआधीच वासंती ते वाचायची. पुढे पुढे पोस्टमनच सांगायचा, "बाईनू, डावो दीडार इलो."

चतुर्थीला डावा एकवर आला. गावभर बातमी. दसऱ्याच्या आधी एक कार्ड आलं, त्यावर एकच ओळ होती: 'दोन्ही शून्य. निःशेष भाग गेला.' मी ते कार्ड घेऊन दवाखान्याच्या मधल्या खोलीत गोल फिरले. एक वयस्क पेशंट डोळ्यात थेंब घातलेला असताना विचारत होता, "कोण नाचता हा?" वासंती म्हणाली, "कोण नाय, बाबा, डोळे मिटा."

डाव्या गालावर एक रुपयाएवढा भाग त्याचा बधिरच राहिला. "माशी बसली तरी कळना नाय," तो म्हणायचा. त्याची मला खंत आहे. त्याला नव्हती.

आबा मात्र खात्री केल्याशिवाय ऐकणारे नव्हते. त्या वर्षीचा पहिला प्रयोग त्यांनी शिरोड्यात दिवसाचा ठेवला, भर दुपारी, देवळासमोर मांडव घालून. म्हणाले, "दिवसाच्या उजेडात चल्लो तर रातीक चलतलोच." बरोबर होतं त्यांचं. दिवसाच्या उजेडात रंगाखालचं सगळं दिसतं.

पहिल्या रांगेत मी, वासंती आणि मालतीबाई. मागे सगळा गाव, त्यात मागच्या मोसमात हसलेली पोरंही असणार. राणी आली. हिरवं लुगडं, नथ, मुकुट. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते पण चेहरा मला दिसत नव्हता, दिसत होत्या दोन खालच्या पापण्या. एकदा डावी हलली. मिटली. पूर्ण मिटली.

मग वनवास. राणीनं आकाशाकडे तोंड केलं. मांडव चिडीचूप. तिनं आक्रोश केला आणि कोणी हसलं नाही. एक बाळ रडलं, बस्स. डोळ्यात पाणी आलं, ते डाव्या पापणीच्या कडेवर थांबलं, बरोबर नाकाच्या बाजूनं गेलं, तिथून गालावर ओघळलं. असाच जायला हवा अश्रू. मी वासंतीचा हात इतका दाबला की ती कळवळली.

तेवढ्यात आबा राक्षसाच्या वेषात गरजत आले. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, जिथल्या तिथे रचतात. आबा हात उगारून म्हणाले, "गे राणये! माका वर, नाय तर तुझे हे डोळे उपटून काढतंय!"

राणी ताठ उभी राहिली.

"खबरदार, दुष्टा! या नेत्रांखाली जे जे काढण्यासारखं होतं, ते सर्व आधीच काढून झालेलं आहे! आता उरलं आहे ते माझं स्वतःचं! विश्वास नसेल तर त्या पहिल्या रांगेतल्या वैद्यराणीला विचार!"

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग सगळा मांडव फुटला. लोक उठून मला बघायला लागले. आबा पुढे आले, गदा खाली ठेवली, माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "नको, नको! त्या बाईंका मी काय विचारूचंय नाय. त्यांच्या खोलयेत राक्षसाक एकदा भोवळ इलेली आसा!"

त्यानंतर नाटक पाच मिनिटं पुढे सरकलं नाही. राणी पदराआड हसत होती, राक्षस हसत होता, पेटीवाला पेटीवर डोकं टेकून हसत होता. मी मालतीबाईंकडे पाहिलं. त्यांचा उजवा डोळा वाहत होता.

"पुसा," मी रुमाल पुढे केला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आज डावासुद्धा वाहतोय."

प्रयोग संपल्यावर गुरुनाथ मुकुट काखेत धरून आमच्याकडे आला.

"बाईनू, कसा झाला?"

"उत्तम! डावी पापणी पुरती मिटते, कड बुबुळाला टेकलेली आहे. टाक्याची रेघ तर रंगातून दिसतसुद्धा नाही."

"पापणी नाय, बाईनू. नाटक."

मी वासंतीकडे पाहिलं.

"राणीक वनात कोणी धाडल्यान?" त्यानं विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. वासंतीला ठाऊक होतं, ती सांगायला हात वर करत होती. मालतीबाई माझ्याकडे, पहिल्या बाकावर बसून लक्ष न दिलेल्या पोरीकडे बघावं तसं बघत होत्या.

"म्हणजे तुमी नाटक बघूकच नाय!" गुरुनाथ खरोखर दुखावला होता. शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्यानं इतकं वाईट वाटून घेतलं नव्हतं. "पुढच्या आठवड्यात तळेऱ्याक प्रयोग आसा. तुमी येतल्यात. आनि फक्त नाटक बघतल्यात."

मी गेले. दवाखाना बंद ठेवून, वासंतीला घेऊन, चटई आणि शाल घेऊन गेले. राणीला वनात कोणी धाडलं ते या वेळी कळलं, सवतीनं धाडलं होतं, आणि ती सवत मला इतकी संतापजनक वाटली की मी शेजारच्या अनोळखी बाईशी तिच्याबद्दल मोठ्यानं बोलत होते. राणीचं मूल हरवलं तेव्हा मी रडले, राजानं तिला ओळखलं नाही तेव्हा त्याला शिव्या घातल्या, आणि शेवटी ओळखलं तेव्हा टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले.

सकाळच्या पहिल्या एसटीनं परत निघालो. माझा घसा बसला होता. कणकवली मागे पडली तेव्हा वासंतीनं जांभई देत विचारलं, "बाईनू, डावी पापणी कशी होती?"

"कुणाची?" मी विचारलं.